शिक्षकामागे 25 मुलं म्हणजे वर्गात 25 मुलं?

‘शाळेत शिक्षकामागे 25 मुलं, म्हणजे एका वर्गात 25च’ असा हिशेब वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतो. भागाकार बरोबर आहे, पण त्यातून वर्गाचा पट कळत नाही.

समजा मुलं 300, शिक्षक 12. त्यांत एक मुख्याध्यापक, एक खेळाचे, एक चित्रकलेचे, एक दीर्घ रजेवर. उरले 8, तुकड्याही 8. सरासरी पट साडेसदतीस! तीही फसवीच: पहिलीत 52 आणि चौथीत 24 असू शकतात.

पडताळायचं तर मंजूर पदं बाजूला ठेवा. प्रत्येक तुकडीच्या हजेरीपटावरची नावं मोजा, मग वेळापत्रक पाहा. एकाच तासाला दोन तुकड्यांपुढे एकाच शिक्षकाचं नाव असेल, तर दोन्ही पटांची बेरीज करा.