कोळ्याचं विष आणि मज्जातंतूंची उधळपट्टी

समाजमाध्यमांवर एक छायाचित्र दर काही महिन्यांनी नव्या दमाने फिरायला लागतं. दंडाला पडलेलं काळंनिळं भोक, भोवती सडलेलं मांस आणि खाली इशारा: 'या कोळ्यापासून सावध! दोन दिवसांत हात कापावा लागतो.' गेल्या आठवड्यात ते माझ्याकडे तीन ठिकाणांहून आलं. तिन्ही वेळा सोबतच्या चित्रातला कोळी वेगळा होता, जखम मात्र तीच.

कोळ्यावर असे आळ फार येतात. दक्षिण कॅलिफोर्नियात 'कोळी चावला' म्हणून रुग्णालयात आलेल्या १८२ रुग्णांचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतले खरोखर कोळी चावलेले निघाले ७. बाकीच्यांपैकी बहुतेकांना कातडीचा जिवाणूसंसर्ग झाला होता. रात्रीतून उठणारा, भाजल्यासारखा दिसणारा लांबट पट्टाही कोळ्याच्याच खात्यावर मांडला जातो. बऱ्याचदा तो पेडेरस नावाच्या चिमुकल्या भुंग्याचा प्रताप असतो. भुंगा अंगावर चिरडला गेला की त्याच्या शरीरातलं दाहक द्रव्य कातडीला लागतं आणि फोड येतात. उलट उदाहरणही आहे. २००१ साली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एका घरातून सहा महिन्यांत २,०५५ ब्राउन रिक्लूज कोळी गोळा केले गेले. मांस सडवणारा म्हणून ज्याची ख्याती आहे तोच हा कोळी. घरात चार माणसं राहत होती आणि चावा एकालाही बसला नव्हता.

कोळ्यांच्या ५०,००० हून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत आणि जवळजवळ सगळ्यांकडे विष असतं. (युलोबोरिडी कुळातल्या कोळ्यांना विषग्रंथी नसतात, ते भक्ष्याला धाग्यांत करकचून आवळतात.) पण हे विष किड्यामुंग्यांच्या मापाचं. बहुतेकांचे विषदंत आपली कातडी नीट भेदू शकत नाहीत, आणि भेदली तरी गांधीलमाशी चावल्याइतकाच त्रास होतो. माणसाच्या दृष्टीने धोकादायक गट मोजकेच: विडो, रिक्लूज, ऑस्ट्रेलियातले फनेलवेब आणि दक्षिण अमेरिकेतले भटके फोन्युट्रिया. यांपैकी विडोचं विष मला सर्वांत विलक्षण वाटतं, म्हणून तिथे जरा जास्त रेंगाळणार आहे.

अमेरिकेतली ब्लॅक विडो आणि ऑस्ट्रेलियातली रेडबॅक या एकाच लॅट्रोडेक्टस प्रजातीतल्या बहिणी. नर अगदी किरकोळ, धोका मादीचा. १९३० च्या दशकापर्यंत हा कोळी माणसाला खरंच इजा करतो का, याबद्दल डॉक्टरांत वाद होता. १९३३ मध्ये अलाबामा विद्यापीठातले प्राध्यापक अ‍ॅलन वॉकर ब्लेअर यांनी एक मादी स्वतःच्या बोटावर ठेवली आणि तिला दहा सेकंद चावू दिलं. वेदना बोटातून दंडाकडे चढली, मग पोटात उतरली, स्नायू कडक झाले आणि ब्लेअरना काही दिवस रुग्णालयात काढावे लागले. प्रतिकारशक्ती तयार होते का ते पाहायला पुन्हा चावून घ्यायचा त्यांचा बेत होता. तो त्यांनी रद्द केला.

बोटाला चावल्यावर पोट का दुखावं? स्नायूला आज्ञा मिळते ती चेतापेशीच्या टोकाकडून. या टोकात अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनाने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या, म्हणजे पुटिका, तयार असतात. विद्युत संदेश आला की टोकावरची कॅल्शियमची दारं क्षणभर उघडतात. पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट जास्त असतं, त्यामुळे ते आत घुसतं. त्या इशाऱ्यावर मोजक्या पुटिका पेशीपटलाशी एकजीव होऊन रिकाम्या होतात आणि स्नायू आकुंचन पावतो. दारं लगेच मिटतात. सगळी शिस्त त्या कॅल्शियमच्या दारांवर अवलंबून आहे.

विडोच्या विषातलं अल्फा-लॅट्रोटॉक्सिन हे प्रथिन या दारांच्या वाटेला जातच नाही. ते स्वतःचं दार घेऊन येतं. त्याचे चार रेणू एकत्र येऊन पवनचक्कीच्या पात्यांसारखी रचना होते, मधोमध पोकळी. ही चक्की चेतापेशीच्या टोकाला चिकटते, पटलात रुतते आणि पोकळीतून कॅल्शियम आत कोसळायला लागतं. संदेश नाही, आज्ञा नाही, तरी पुटिकांमागून पुटिका रिकाम्या होत जातात. मज्जातंतू आपलाच साठा उधळून टाकतो. विष स्नायूला हातही लावत नाही. स्नायूला पेटके आणते ती आपल्याच मज्जातंतूंची उधळपट्टी. विष रक्तातून पसरलं की पोटाच्या भिंतीचे स्नायू फळीसारखे ताठ होतात, इतके की शल्यविशारदाला अपेंडिक्सचा संशय यावा. दुसरीकडे नॉरअ‍ॅड्रेनलिन सांडून रक्तदाब चढतो. घामाचा प्रकार तर वेगळाच. अनेकदा चाव्याभोवतालच्या तेवढ्याच जागी घाम सुटतो, बाकी अंग कोरडं.

ही चक्की नेमकी मज्जातंतूच कशी ओळखते? हे शोधायला शास्त्रज्ञांनी विषालाच गळाला लावलं. त्यातून १९९२ मध्ये थॉमस झ्युडहोफ यांच्या प्रयोगशाळेला या विषाला धरून ठेवणारं न्यूरेक्सिन हे प्रथिन सापडलं. (झ्युडहोफ यांना पुढे २०१३ चं नोबेल मिळालं, पुटिकांच्या वाहतुकीवरच्या कामासाठी.) पण एक अडचण होती. न्यूरेक्सिनला चिकटायला या विषाला कॅल्शियम लागतं आणि कॅल्शियम काढून टाकलेल्या द्रावणातही विष मज्जातंतूला धरतच होतं. म्हणजे दुसरी खुंटी असलीच पाहिजे. ती सापडली, नाव ठेवलं लॅट्रोफिलिन. न्यूरेक्सिन आणि लॅट्रोफिलिन ही दोन्ही प्रथिनं दोन चेतापेशींच्या जोडणीत महत्त्वाची निघाली, म्हणजे कोळ्याने नेमकी मज्जासंस्थेची शिवणच पकडली होती. आणखी गंमत अशी की हे अस्त्र किड्यांसाठी नाहीच. किड्यांसाठी याच कोळ्याकडे वेगळी, भावंडं शोभतील अशी प्रथिनं आहेत. अल्फा खास पाठीचा कणा असलेल्यांसाठी. विडोच्या जाळ्यात छोटे सरडे आणि सापही सापडल्याच्या नोंदी आहेत.

इतकं खोलात शिरायचं कारण उपचारात आहे. रेडबॅकवरचं प्रतिविष ऑस्ट्रेलियात १९५६ मध्ये आलं आणि पुढची कित्येक वर्षं त्याच्या गुणाबद्दल कुणाला शंका नव्हती. २०१४ मध्ये एका चाचणीचा निकाल आला. २२४ रुग्णांना वेदनाशामकं सगळ्यांनाच दिली, त्यावर निम्म्यांना प्रतिविष आणि निम्म्यांना औषध नसलेलं नुसतं द्रावण. दोन तासांनी वेदना ठळकपणे कमी झालेले प्रतिविषाच्या गटात ३४ टक्के, दुसऱ्यात २३ टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. याचा एक अर्थ असा लावता येतो की, रुग्ण रुग्णालयात पोचेपर्यंत चक्की पटलात रुतलेली असते आणि प्रतिविषातल्या, बाहेर फिरणाऱ्या प्रतिपिंडांना ती उपटता येत नाही. म्हणून आज भर आहे तो चांगल्या वेदनाशामकांवर. वेदना फारच असह्य असेल तर अफूवर्गीय औषधं आणि स्नायू सैल करणारी औषधं देतात. कॅल्शियमची सुई देण्याची जुनी पद्धत मागे पडली. प्रतिविष द्यावं की नाही यावर डॉक्टरांत अजून मतभेद आहेत. मृत्यू अतिशय विरळा, बहुतेक जण काही दिवसांत सावरतात.

आता फनेलवेब. याचं विष मज्जातंतूच्या सोडियमच्या दारांना बाहेरच्या बाजूने चिकटतं आणि दार वेळेवर मिटू देत नाही. परिणाम विडोपेक्षा वेगवान आणि जीवघेणा: तोंडाभोवती मुंग्या, लाळ, घाम, फुप्फुसात पाणी. माणूस आणि माकडं यांनाच ते विशेष भोवतं, कुत्र्या-मांजरांना सहसा फार काही होत नाही. सिडनी फनेलवेबमध्ये नर जास्त जहाल, आणि मादीच्या शोधात भटकतोही तोच. १३ मृत्यूंची नोंद झाल्यावर १९८१ मध्ये स्ट्रुआन सदरलँड यांनी सशांपासून प्रतिविष तयार केलं. त्यानंतर त्या दंशाने एकही मृत्यू नोंदला गेलेला नाही. इथे विष बाहेरच असतं, त्यामुळे प्रतिपिंडांना ते हाती लागतं.

प्रथमोपचारही त्यामुळे एकच नाही. फनेलवेब चावला तर चाव्यावर आणि मग सगळ्या हातापायाला रुंद पट्टी घट्ट गुंडाळायची, फळी बांधायची आणि रुग्णाला चालू द्यायचं नाही, कारण विष लसीकावाहिन्यांतून पुढे सरकतं. तीच पट्टी विडोच्या चाव्यावर बांधली तर वेदना वाढते. तिथे साबण-पाण्याने धुणं, कापडात गुंडाळलेला बर्फ आणि रुग्णालय. चिरा देणं, तोंडाने विष ओढणं, दोरीने आवळणं हे कुठल्याच कोळ्याला लागू नाही.

इटलीच्या दक्षिणेत काही शतकांपूर्वी कोळी चावलेल्याला वाद्यांच्या तालावर तासन् तास, कधी दिवसेंदिवस नाचवत. दोष तिथल्या मोठ्या लांडगा-कोळ्यावर ठेवला जाई, खरी चावणारी बहुधा विडोच्या जातीतली असावी. माणसं बरी व्हायची, कारण ती तशीही बरी होणारच होती. विष ओढणारे दगड आणि मंत्र याच भांडवलावर चालतात.

राहिला रिक्लूज. त्याच्याकडे स्फिंगोमायलिनेज डी हे विकर (एन्झाइम) असतं. ते पेशीपटलातला एक मेद तोडतं आणि मग आपलीच प्रतिकारयंत्रणा त्या जागी तुटून पडते. बहुतेक चावे आपोआप भरतात, थोड्यांत काळा पडलेला व्रण राहतो. घाईने शस्त्रक्रिया केली तर जखम वाढते. विशेषतः लहान मुलांत क्वचित रक्तपेशी फुटायला लागतात. लघवी गडद झाली, ताप आला, तर थांबायचं नाही.

ते छायाचित्र मी एका डॉक्टर मित्राला दाखवलं. हा रिक्लूजचाच चावा असेल का, विचारलं. म्हणाला, फोटोवरून कुणालाच सांगता येणार नाही. मग तू काय केलं असतंस? 'पू काढून तपासायला पाठवला असता.'