होम सराउंडसाठी स्पीकर निवडणं

घरी पिक्चर बघताना आवाज समोरून, बाजूने, मागून आणि हल्ली डोक्यावरूनही यावा म्हणून जो स्पीकरचा सेट लावतात, त्यात कुठल्या जागी कोणता स्पीकर घ्यायचा हे ठरवणं म्हणजे ही निवड. ५.१ मधला ५ म्हणजे मुख्य चॅनल, आणि .१ हा साधारण १२० हर्ट्झच्या खालच्या दणक्यांसाठी ठेवलेला वेगळा चॅनल. ५.१.२ असं लिहिलं असेल तर शेवटचा आकडा वरच्या स्पीकरचा. डॉल्बी ॲटमॉस (डोक्यावरूनही आवाज देणारं तंत्र) २०१२ ला थिएटरात आणि २०१४ ला घरच्या रिसीव्हरमध्ये, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या ॲम्प्लिफायरमध्ये आलं, तेव्हापासून ही पद्धत रुळली.

बहुतेक लोक आधी मोठे उभे टॉवर बघतात आणि सेंटर, म्हणजे स्क्रीनजवळ मधोमध ठेवायचा स्पीकर, उरलेल्या पैशात घेतात, आणि इथेच सगळं बिघडतं, कारण पिक्चरमधले जवळपास सगळे डायलॉग सेंटरमधूनच येतात. गाणी दणक्यात वाजतात पण बोलणं कळत नाही म्हणून सारखा रिमोट हातात, ही तक्रार बऱ्याचदा सेंटरचीच असते. म्हणून आधी सेंटर ठरवा आणि डावा-उजवा त्याच सिरीजमधले घ्या, नाहीतर गाडी स्क्रीनवर डावीकडून उजवीकडे जाताना तिचा आवाज मधेच बदलतो आणि ते एकदा कानाला लागलं की परत परत जाणवत राहतं. आडव्या सेंटरमध्ये आणखी एक गोची आहे. मधे ट्वीटर (बारीक, उंच स्वर वाजवणारा भाग) आणि दोन्ही बाजूंना एकसारखे वूफर (खालचे स्वर वाजवणारे भाग) असतील, तर सोफ्याच्या टोकाला बसणाऱ्याकडे दोन वूफरचा आवाज थोडा मागेपुढे पोचतो आणि काही स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. ट्वीटरच्या वर किंवा खाली वेगळा मिडरेंज (मधले स्वर वाजवणारा भाग) असलेला सेंटर मिळाला तर तो घ्यावा, किंवा जागा असेल तर समोर तिन्ही स्पीकर एकसारखेच उभे लावावेत, माझ्या मते यापेक्षा चांगलं काही नाही.

वॉटच्या आकड्याला फार भुलू नये. खरं बघायचं ते सेन्सिटिव्हिटी, म्हणजे १ वॉट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो ते. ८५ डेसिबलवाल्या स्पीकरला ८८ वाल्याइतकं वाजायला दुप्पट वॉट लागतात, ९१ वाल्याइतकं वाजायला चौपट. त्यात सोफा लांब असेल तर अजून घट, मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात, खोलीत भिंतींमुळे जरा कमी. इम्पिडन्सही, म्हणजे स्पीकर विजेला करतो तो विरोध, बघायचा, ४ ओहमचे स्पीकर साध्या रिसीव्हरला तापवतात, ६ किंवा ८ ओहम असले की काळजी कमी.

सराउंड स्पीकर लहान चालतात, पण जागा चुकली तर काही उपयोग नाही. ५.१ मध्ये समोरचे दोन मधल्या रेषेपासून ३० अंशांवर आणि सराउंड १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानाच्या थोडे मागे, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत आहे. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर ७.१ चा, म्हणजे मागे आणखी दोन स्पीकर असलेल्या सेटचा हट्ट करू नये, ते मागचे दोन लावायला जागाच नसते.

सबवूफर (फक्त बास, म्हणजे खोल स्वर वाजवणारा वेगळा स्पीकर) ही खरं तर अर्धी खोलीचीच गोष्ट आहे. ५ मीटर लांब खोलीत ३४ हर्ट्झच्या आसपासचा स्वर दोन टोकांच्या भिंतींमध्ये घुमत बसतो, त्यामुळे भिंतीजवळ बास धो धो आणि मधोमध बसलेल्याला तोच स्वर गायब, मग सब कितीही महागडा असो. उपाय सोपा आहे, सब उचलून आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, बासवालं काहीतरी लावायचं आणि जमिनीलगत रांगत फिरायचं, जिथे बास सगळ्यात एकसारखा लागेल तिथे सब ठेवायचा. जमत असेल तर एका मोठ्यापेक्षा दोन मध्यम सब घ्यावेत, जास्त खुर्च्यांना सारखा बास मिळतो. सब असला की समोरच्यांना खोल बास वाजवायची गरज राहत नाही, रिसीव्हरमध्ये क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झच्या आसपास ठेवायचा, त्याखालचा आवाज कुठून येतोय हे कानाला सहसा कळत नाही. म्हणूनच चांगले बुकशेल्फ (शेल्फवर मावणारे छोटे स्पीकर) आणि सब ही जोडी त्याच पैशातल्या टॉवरपेक्षा बऱ्याचदा सरस ठरते, आणि वाचलेले पैसे सेंटरला लावता येतात.