मॉरिस मायनर

मॉरिस मायनर ही ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील मॉरिस मोटर्स या कंपनीने १९४८ साली बाजारात आणलेली छोटी कौटुंबिक मोटार होय. याच नावाची एक गाडी कंपनीने १९२८ मध्येही काढली होती, परंतु मायनर म्हटले की महायुद्धानंतरची ही गोलाकार मोटारच डोळ्यांसमोर येते. दहा लाख गाड्यांच्या उत्पादनाचा टप्पा गाठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार ठरली.

तिचा आराखडा मॉरिस कंपनीतील अभियंते ॲलेक इसिगोनिस यांचा. युद्ध चालू असतानाच ‘मॉस्किटो’ या सांकेतिक नावाने त्यांनी काम सुरू केले. स्वस्त गाडी म्हणजे अरुंद, उंच आणि वळणावर डगमगणारी, हा त्या काळचा समज त्यांना मान्य नव्हता. तेव्हाच्या मानाने लहान असलेली १४ इंची चाके त्यांनी गाडीच्या कोपऱ्यांकडे सरकवली, इंजिन पुढे नेऊन प्रवाशांसाठी जागा काढली आणि पुढच्या चाकांना टॉर्शन बारचे (पीळ घेऊन धक्के सोसणाऱ्या पोलादी दांडीचे) स्वतंत्र सस्पेन्शन व रॅक-पिनियनचे (दातेरी पट्टी आणि दातेरी चाकाचे) स्टिअरिंग दिले. त्यामुळे मायनर चालवताना हाताला जो नेमकेपणा जाणवे, तो तिच्याहून कितीतरी महागड्या गाड्यांतही सहज मिळत नसे. तिचे खरे मोठेपण येथेच आहे.

उत्पादनाची तयारी बरीच पुढे गेली असताना इसिगोनिस यांना गाडी अरुंद वाटू लागली. नमुन्याची गाडी मधोमध उभी कापून तिचे दोन भाग दूर सरकवून पाहिले गेले आणि अखेर ४ इंच रुंदी वाढवण्याचे ठरले. जुन्या मापाचे बंपर तयारच होते. ते मधून कापून मध्ये पट्टी बसवण्यात आली. बॉनेटच्या मध्यावरून जाणारा सपाट पट्टा ही त्याच फेरबदलाची खूण असून ती शेवटपर्यंत राहिली.

कंपनीचे मालक लॉर्ड नफील्ड यांना मात्र गाडी पसंत पडली नाही. ‘पोच्ड एग’ (कवच फोडून पाण्यात शिजवलेले अंडे) अशा शब्दांत त्यांनी तिची संभावना केल्याचे सांगतात. इसिगोनिस यांनी योजलेले आडवे चार सिलिंडरचे नवे इंजिनही बारगळले आणि कंपनीच्याच जुन्या मॉरिस एट या गाडीचे ९१८ घन सेंटिमीटरचे साइड-व्हॉल्व्ह (झडपा सिलिंडरच्या बाजूला असलेले, जुन्या धर्तीचे) इंजिन तिच्या वाट्याला आले. १९५२ मध्ये ऑस्टिन व मॉरिस एकत्र आल्यावर ऑस्टिनचे ८०३ घन सेंटिमीटरचे इंजिन बसू लागले, पण तेही अपुरेच होते. १९५६ च्या ‘मायनर १०००’ मध्ये ९४८ घन सेंटिमीटरचे इंजिन आणि दोन तुकड्यांऐवजी एकसंध वक्र काच आली, तेव्हा कुठे गाडीच्या बांध्याला शोभेल असे बळ तिला लाभले. १९६२ मध्ये इंजिन १०९८ घन सेंटिमीटरचे झाले.

बाकी रूप फारसे बदलले नाही. सुरुवातीला जाळीत खाली बसवलेले हेडलाइट अमेरिकेतील नियमांमुळे वर मडगार्डवर गेले. वळताना दारामागच्या खांबातून बाहेर येणारे इशाऱ्याचे छोटे हात १९६१ मध्ये जाऊन लुकलुकणारे दिवे आले.

१९५३ मध्ये आलेल्या ‘ट्रॅव्हलर’ या मायनरच्या स्टेशन वॅगन प्रकाराचा मागचा भाग ॲश लाकडाच्या चौकटीवर उभा होता. हे लाकूड शोभेचे नव्हे, तर छत आणि बाजूचे पत्रे तोलून धरणारे होते. म्हणूनच सांध्यांत पाणी मुरून ते कुजले तर गाडीच कमकुवत होते, आणि जुन्या ट्रॅव्हलरची पारख करताना आजही आधी लाकूड तपासतात. ब्रिटनमध्ये मायनर टपाल खात्याने आणि पोलिसांनीही वापरली; भारतात हिंदुस्थान मोटर्सने ती ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने विकली.

१९५९ साली इसिगोनिस यांचीच मिनी आली, तरी मायनर लगेच मागे पडली नाही. सलूनचे (बंद छताच्या नेहमीच्या मायनरचे) उत्पादन १९७० मध्ये आणि ट्रॅव्हलरचे १९७१ मध्ये थांबले, तोवर सर्व प्रकारच्या मिळून सुमारे १६ लाख गाड्या तयार झाल्या होत्या. तिच्या जागी आलेल्या मॉरिस मरीनाच्या पुढच्या सस्पेन्शनची मांडणी मायनरवरूनच घेतलेली होती.