बिनपंपाचं कारंजं आणि 'अखंड' शब्दाचा घोळ

विज्ञान प्रदर्शनांचे दिवस आले की नागपुरात सलाईनच्या नळ्या शोधत फिरणारे आईबाप दिसतात, त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी हेरॉनचं कारंजं बनून राहिलेलं असतं. आयडिया पहिल्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या हेरॉन नावाच्या संशोधकाची. त्याच डोक्यातून नाणं टाकलं की देवळात पाणी देणारी पेटीही निघाली होती. मधली शतकं सोडून देऊ, फक्त 18व्या शतकात शेमनित्झच्या (आजच्या स्लोव्हाकियातल्या) खाणीतलं पाणी उपसायला हेच तत्त्व वापरलं, आणि तिथं दाबलेली हवा सोडली की बर्फ पडायचा!

आपल्याकडे खरी मजा आली ती लिटरच्या बाटल्या फुकटात मिळायला लागल्यावर. वर कापलेली बाटली म्हणजे उघडी वाटी, मधे पाण्याने भरलेली बंद बाटली, सगळ्यात खाली रिकामी बंद बाटली. वाटीतलं पाणी नळीने खाली उतरतं, तिथली हवा दाबली जाते, ती दुसऱ्या नळीने मधल्या बाटलीत चढते आणि तिथलं पाणी पेनाच्या रिफिलच्या तोंडातून वर उडवते. वाटी आणि खालची बाटली यांच्यात अंतर जितकं जास्त तितका दाब जास्त, म्हणून स्टूलवर मांडलेलं मॉडेल जमिनीवरच्यापेक्षा उंच उडतंच असं नाही, नळ्या लांब केल्या तरच.

आता 'अखंड कारंजं'. व्हिडिओंच्या टायटलमध्ये हे सर्रास असतं, तेच पोरं चार्टवर लिहितात, आणि उडालेलं पाणी परत वाटीतच पडतं म्हणून ते खरंही वाटतं. पण हिशोब बघा ना, मधल्या बाटलीतलं पाणी शेवटी खालच्या बाटलीत जाऊन बसतं, म्हणजे पाणी एकूण खालीच आलं, आणि त्या उतरण्याची ताकद फवाऱ्याला मिळाली. मधली संपली की खेळ खतम.

आमच्या वेळी परीक्षकांनी आधी टेबलाखाली वाकून मोटर शोधली, मग चारेक मिनिटांनी कारंजं बंद पडलं तर विचारलं, "थांबलं काऊन?" आणि अखंड नाही म्हणून मार्क कापले. चार्टवर तो शब्द आम्हीच लिहिला होता हे मान्य, पण मोटर नसल्याचा पुरावा ते थांबणंच होतं ना बाप्पा. पंपवालं कारंजं लाईट असेपर्यंत उडतं. आमच्या मधल्या बाटलीत तेव्हा बोटभर पाणी उरलं होतं, नळी तिथवर पोचत नव्हती.