नियम कडक की अंमल कडक?

एप्रिल 2021. कोरोनाच्या लाटेत इंदूरच्या दवा बाजारापुढे रेमडेसिविर या औषधासाठी रांगा लागलेल्या, दवाखान्यांत खाट मिळायची मारामार. त्या दिवसांत "निर्बंध आणखी कडक करायला हवेत का?" असं कुणी विचारलं असतं, तर माझ्या ओळखीतल्या बहुतेक घरांतून "हो" हेच उत्तर आलं असतं. आमच्याही घरातून. त्या "हो"बद्दल मला शंका नाही, ते मनापासूनचं होतं. पण त्याच्या पोटात दोन वेगवेगळ्या मागण्या होत्या. सर्वेक्षणवाले, वर्तमानपत्रं आणि प्रशासन, तिघांनीही त्या एकत्र मोजल्या.

पहिली मागणी अशी, की नियमच वाढवा. जे उघडं आहे ते बंद करा, वेळ कमी करा, आणखी भाग सील करा. दुसरी अशी, की आहेत ते नियम तरी धड पाळले जातील असं बघा. दोन्ही मागण्या माणूस "कडक करा" एवढंच म्हणून मांडतो. ऐकणाऱ्याला मात्र आधी पहिलीच ऐकू येते, कारण ती पुरी करायला सोपी असते.

सोपी कशी, ते पाहा. 24 मार्च 2020 ला केंद्रीय गृह मंत्रालयाचा आदेश निघाला आणि 21 दिवसांसाठी सगळा देश बंद झाला. आधार होता 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा. त्याच्या जोडीला जिल्ह्याजिल्ह्यांत कलेक्टरांचे कलम 144 चे आदेश. संध्याकाळी सही, सकाळी लागू. ऑक्सफर्ड विद्यापीठाने महामारीच्या काळात देशोदेशीच्या सरकारी निर्बंधांचा एक निर्देशांक चालवला होता, 0 ते 100. त्या पहिल्या लॉकडाऊनमध्ये भारत थेट 100 वर होता. पण तो निर्देशांक कागदावरचा नियम मोजतो. नियम गल्लीत किती उतरला हे तो मोजत नाही, तसा त्याचा दावाही नाही. म्हणजे नियमाच्या बाबतीत आणखी कडक व्हायला आपल्याकडे जागाच उरली नव्हती. तरी लोक "कडक करा" म्हणतच होते. ते काय मागत होते, याचं उत्तर इथेच मिळतं.

आमच्या बिल्डिंगमधले एक निवृत्त काका 2021 च्या त्या एप्रिलात रोज संध्याकाळी गॅलरीतून हेच सांगायचे. "सरकार मवाळ आहे हो, एकदा कडक करून टाका म्हणावं." एकदा मी विचारलं, "म्हणजे काका, किराणाही बंद करायचा का?" ते चमकलेच. "छे, छे! किराणा कशाला? माणसं खातील काय? ती चौकात मास्क हनुवटीला लावून उभी असलेली पोरं दिसतात ना, त्यांचं चालान कापा म्हणतोय मी." काकांचं मत मला आजही बिनतोड वाटतं. पण कुठल्याही सर्वेक्षणात ते "लॉकडाऊन वाढवावा" या रकान्यात गेलं असतं.

आता अंमल. अंमल म्हटलं की डोळ्यांसमोर पोलिसाचा दंडुका येतो, आणि इंदूरने तो भरपूर पाहिला. मास्क नसलेल्यांसाठी शहरात तात्पुरते तुरुंग उघडले होते. एप्रिल 2021 मध्येच मास्क नाकाखाली घसरला म्हणून एका रिक्षाचालकाला भररस्त्यात मारहाण झाली. त्याचा व्हिडिओ देशभर फिरला आणि दोन शिपाई निलंबित झाले. त्याआधी जुलै 2020 मध्ये दुकानं लेफ्ट-राइट पद्धतीने उघडत होती, आज रस्त्याची डावी बाजू, उद्या उजवी. त्याच दिवसांत एका चौदा वर्षांच्या मुलाची अंड्यांची हातगाडी उलटलेली आपण सगळ्यांनी पाहिली. पालिकेच्या माणसांनीच ती उलटवली, असा त्या मुलाचा आरोप होता. रस्त्यावर सांडलेली ती फुटकी अंडी पाहून कितीतरी लोकांना पहिल्यांदा कळलं, की "कडक करा" म्हटल्यावर कडकपणा नेमका कुणाच्या वाट्याला येतो. गच्चीवर पार्टी करणाऱ्यांच्या नाही, रस्त्यावर दिसतात त्यांच्या.

पण दंडुका हा अंमलाचा एक भाग झाला. दुसरा भाग इंदूरनेच करून दाखवला आणि त्याची चर्चा फार कमी झाली, याचं मला वाईट वाटतं. 2020 च्या एप्रिलात किराणा दुकानं बंद असताना महापालिकेने घरपोच सामान द्यायची व्यवस्था उभी केली. रोज दारात येणाऱ्या कचऱ्याच्या गाडीवरच सामानाची यादी द्यायची आणि मग सामान घरी यायचं. नियम होता "बाहेर पडू नका". तो पाळता यावा यासाठी कुणीतरी गाडीची, यादीची आणि पोत्यांची सोय केली. माझ्या मते हीच खरी अंमलबजावणी. नियम पाळणं माणसाला शक्य करून द्यायचं आणि मग मोडला तर जाब विचारायचा, या क्रमाने.

सर्वेक्षणाच्या आकड्यांत हा फरक कसा बुडतो हे ब्रिटनमध्ये स्वच्छ दिसतं, कारण तिथे मतं सतत मोजली जात होती. जानेवारी 2021 मध्ये तिथे तिसरं राष्ट्रीय लॉकडाऊन जाहीर झालं तेव्हा यूगव्ह या संस्थेच्या पाहणीत 85 टक्के लोकांनी पाठिंबा दिला. एवढं बहुमत राजकारणात कशालाच मिळत नाही. त्याच महिन्यात रुग्णवाढीला जबाबदार कोण असं विचारलं, तर निम्म्याहून जास्त लोकांनी सरकारपेक्षा जनतेकडे बोट दाखवलं. म्हणजे पाठिंबा देणारा माणूस मनातून म्हणत होता, मी पाळतोय, बाकीचे पाळत नाहीत. ही अंमलाचीच तक्रार झाली. तिची नोंद मात्र नियमाला दिलेला कौल म्हणून झाली.

आणि पाळणं? ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मार्च 2021 मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला. लक्षणं दिसली तर घरात विलग राहू, असं म्हणणारे 70 टक्क्यांच्या आसपास होते. प्रत्यक्ष लक्षणं आल्यावर पूर्ण विलगीकरण पाळल्याचं सांगणारे 42.5 टक्के. कोण पाळू शकले नाहीत, तर पैशाची ओढाताण असलेले, घरात लहान मूल असलेले, कामावर गेल्याशिवाय चालणार नाही अशा नोकऱ्यांतले. तरुण आणि पुरुष कमी पाळत होते हेही त्यात आहे, पण पहिली यादी मला जास्त बोलकी वाटते. त्यातल्या बहुतेकांचं मत नियमाच्या विरुद्ध होतं असं मानायला काही कारण नाही. इंग्लंडमध्ये सप्टेंबर 2020 पासून विलगीकरण मोडल्यास 1,000 ते 10,000 पौंड दंड आणि कमी उत्पन्नाच्या माणसाला 500 पौंडांची मदत, असे दोन्ही उपाय एकदमच आणले गेले. दंड आणि मदत दोन्ही अंमलाच्याच बाजूला बसतात, हे तिथल्या सरकारला निदान कागदावर तरी उमगलं होतं.

भीतीचा वाटाही विसरायला नको. अमेरिकेत दोन अर्थशास्त्रज्ञांनी मोबाइलच्या नोंदींवरून दुकानांतली वर्दळ तपासली. ती 60 टक्क्यांनी घटली होती आणि त्यातली फक्त 7 टक्के-अंकांची घट सरकारी आदेशांमुळे होती. बाकी लोक आपणहून घाबरून घरी बसले होते. रस्ते ओस दिसले म्हणून नियम यशस्वी, असं लगेच म्हणता येत नाही.

याच्या उलटं चित्र आपल्याच इंदूरच्या राजवाडा चौकात दिसलं होतं. 22 मार्च 2020, जनता कर्फ्यू. पाठिंबा असा की दिवसभर चिटपाखरू बाहेर नव्हतं. आणि संध्याकाळी पाचनंतर थाळ्या, झेंडे घेऊन गर्दी थेट राजवाड्यावर. त्या गर्दीतल्या कुणालाही विचारलं असतं तर त्याने कर्फ्यूच्या बाजूनेच मत दिलं असतं. मत शंभर नंबरी आणि वागणं नेमकं उलटं. लोकांच्या मनातला कल आणि त्यांच्या वागण्यावरचा अंमल या दोन गोष्टी किती सुट्या असतात, याचा इतका स्पष्ट दाखला मला दुसरा माहीत नाही. त्यानंतर दहा दिवसांनी, 1 एप्रिलला, इंदूरच्याच टाटपट्टी बाखल या वस्तीत तपासणीला गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक झाली. देशात ठिकठिकाणी असे हल्ले झाल्यावर 22 एप्रिलला केंद्राने अध्यादेश काढला: आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला केल्यास तीन महिने ते पाच वर्षं कैद, गंभीर इजा केल्यास सहा महिने ते सात वर्षं. शिक्षा वाढली हे योग्यच झालं. पण वस्तीत विश्वासाचा माणूस आधी पाठवणं हाही अंमलच होता, आणि तो शिक्षेच्या आधी यायला हवा होता.

आता मे 2021 कडे येऊ, कारण दोन मागण्यांची गल्लत तिथे आपल्याला महागात पडली. मध्य प्रदेशात त्या वेळी निर्बंधांचा निर्णय जिल्ह्याच्या क्रायसिस मॅनेजमेंट ग्रुपमध्ये होत असे. कलेक्टर, आमदार, खासदार, काही प्रतिष्ठित मंडळी. कोरोना कर्फ्यू आधीपासून चालू होता आणि रुग्णसंख्या उतरणीला लागली होती. अशात मे महिन्याच्या उत्तरार्धात इंदूरमध्ये किराणा आणि भाजीही बंद करणारा आदेश निघाला. विरोध झाला, आणि तो फक्त विरोधी पक्षाकडून नाही, सत्ताधारी पक्षातूनही उघड नाराजी निघाली. महिनाभर "कडक करा" म्हणणारं शहर एकदम मागे का फिरलं? शहर मागे फिरलंच नव्हतं, असं माझं मत आहे. शहराने अंमल मागितला होता, त्याला नियम मिळाला. गॅलरीतल्या काकांना हवी होती चौकातल्या पोरांना शिस्त, आणि त्यांच्या हाती आली रिकामी भाजीची पिशवी.

नियम वाढवला की त्याची किंमत सगळे मोजतात, पण सारखी नाही. पेन्शन बँकेत जमा होणाऱ्याला आठवडाभराचा बंद म्हणजे घरात बसणं. मालवा मिल परिसरातल्या रोजंदारीवाल्याला तोच आठवडा म्हणजे उधारी. म्हणून "निर्बंध वाढवावेत का?" या प्रश्नाचं उत्तर कोण देतोय यावर सगळं अवलंबून आहे. ऑनलाइन पाहणीत पहिला माणूस भेटतो, दुसरा सहसा भेटत नाही.

अंमलाने काय साधतं हे इंदूरला कुणी बाहेरून शिकवायची गरज नाही. रस्त्यावर कचरा टाकू नये हा नियम कित्येक वर्षं होताच, आणि शहर तरी घाणेरडं होतं. 2017 पासून आपण स्वच्छ सर्वेक्षणात सलग पहिले आलो ते नियम बदलून नाही. रोज ठरल्या वेळी गाडी दारात येऊ लागली, ओला-सुका वेगळा घेऊ लागली, आणि मग कचरा फेकणाऱ्याचं चालान कापलं जाऊ लागलं. आधी सोय, मग दंड. महामारीत हेच शहर हा क्रम का विसरलं, हा प्रश्न मला अजून छळतो.

काही निर्बंध दोन्हींच्या मधोमध पडतात. रात्रीचा कर्फ्यू घ्या. कागदावर तो नवा नियम आहे. पण पोलिसांच्या दृष्टीने तो अंमल सोपा करणारा आहे. रात्री दहानंतर बाहेर दिसलेल्या प्रत्येकाला थांबवता येतं, कोण कशासाठी बाहेर पडलंय हे चाळत बसावं लागत नाही. विषाणू काय रात्रीच फिरतो का, असं लोक म्हणायचे. तो आक्षेप नियमाकडे बघून घेतलेला होता. पण त्यामागचं कारण अंमलाचं होतं आणि ते लोकांना कुणी समजावून सांगितलं नाही. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊवाल्यांना मात्र त्याची पूर्ण झळ बसली. त्यांचा तर धंदाच रात्रीचा.

लोकांना थेट विचारलं तर ते किती नीट उत्तर देतात, हे स्वित्झर्लंडमध्ये दिसलं. तिथे कोविड कायद्यावर 2021 मध्ये दोनदा सार्वमत झालं. जूनमध्ये 60.2 टक्के आणि नोव्हेंबरमध्ये 62 टक्के लोकांनी कायद्याच्या बाजूने मत दिलं. लोकांसमोर ठरावीक मजकूर होता, काय लागू होणार आणि कुणाला मदत मिळणार हे त्यात होतं. आपल्याकडे सार्वमताची सोय नाही, पण प्रश्न नीट विचारायला कोण अडवतंय?

पुढे असा प्रसंग आला तर कायदेही थोडे वेगळे असतील. 1 जुलै 2024 पासून कलम 144 च्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 163 आहे आणि आदेश मोडल्याबद्दल शिक्षेचं जुनं कलम 188 जाऊन भारतीय न्याय संहितेचं 223 आलं आहे. लोकांचं मत घ्यायची पद्धत मात्र तेव्हाच्याच वळणावर राहिली तर पुन्हा तेच होईल. एका प्रश्नाऐवजी तीन विचारावेत असं मला वाटतं. सध्या उघडं असलेलं नेमकं काय बंद करावं, नाव घेऊन सांगा. सध्याचा कुठला नियम तुमच्या भागात पाळला जात नाही? आणि तिसरा, जो आजवर मला कुणी विचारलेला नाही: तुम्हाला स्वतःला यातला कुठला नियम पाळणं जमत नाहीये, आणि तो जमावा म्हणून काय मिळायला हवं? हा तिसरा प्रश्न ऑनलाइन विचारून चालणार नाही. त्यासाठी कुणीतरी यादी हातात घेऊन दारोदार जायला हवं. इंदूरमध्ये रोज सकाळी एक गाडी तशीही दारात येतेच.