रॅम गेली म्हणण्याआधी

"रॅम गेली बे तुझी." सेकंडहँड गेमिंग पीसी घेतला आणि पहिल्याच आठवड्यात निळा स्क्रीन आला, की मित्रमंडळी हे निदान करून मोकळी होतात. सोलापुरात त्यावरचे उपायही ठरलेले आहेत. आधी खोडरबरनं रॅमचे पाय घासायचे, मग फॉरमॅट मारायचा, आणि तरी नाही जमलं तर नवी रॅम आणायची. रॅम बिघडतच नाही असं नाही. पण तिच्या नावावर खपणारे निम्मे गुन्हे दुसऱ्या कुणीतरी केलेले असतात, असं माझं मत झालं आहे.

आजच्या रॅमची, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती धरून ठेवणाऱ्या मेमरीची, मूळ कल्पना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची. एक बिट साठवायला एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर पुरतो, हे त्यांना १९६६ साली सुचलं आणि १९६८ साली त्याचं पेटंट मिळालं. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर एक, नसला तर शून्य. ८ जीबीच्या एका स्टिकमध्ये, म्हणजे रॅमच्या एका पट्टीत, असे सुमारे ६,८७२ कोटी कपॅसिटर बसवलेले असतात आणि ते सगळे सतत गळत असतात. भार पार निघून जाण्याआधी तो वाचून पुन्हा भरावा लागतो. डीडीआर४ या पिढीच्या रॅममध्ये कपॅसिटरांची प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांच्या आत अशी ताजी केली जाते, म्हणजे सेकंदाला पंधराहून जास्त वेळा. चिपचं तापमान ८५ अंशांपलीकडे गेलं तर हीच मुदत निम्म्यावर, ३२ मिलिसेकंदांवर आणावी लागते, कारण उष्णतेनं गळती वाढते. याच्या उलटही घडतं. २००८ साली प्रिन्स्टनच्या संशोधकांनी रॅम खूप गार करून वीज तोडली, तेव्हा तिच्यातली माहिती काही मिनिटं टिकून राहिली होती.

मग आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांचं काय? बाहेर पारा ४२-४३ अंशांवर, पत्र्याखालची खोली, आणि कॅबिनेटच्या आत ग्राफिक्स कार्डाची गरम हवा थेट रॅमवर. घर पूर्व भागात यंत्रमागांजवळ असेल तर पंख्याच्या जाळीवर धुळीसोबत सुताचे बारीक तंतूही बसतात आणि हवा आत यायचीच थांबते. तरी सगळं खापर उन्हाळ्यावर फोडता येणार नाही. गुगलच्या सर्व्हरवर टोरंटो विद्यापीठाच्या मदतीनं झालेला एक मोठा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त स्टिकमध्ये चुका आढळल्या, पण तापमानाचा परिणाम अपेक्षेपेक्षा बराच कमी निघाला. अर्थात ती रॅम नेमून दिलेल्या वेगानं चालणारी होती. गेमिंग पीसीतली रॅम बहुधा तशी चालत नाही.

इथे एक्सएमपी येतं, म्हणजे रॅमला पाकिटावरच्या जास्त वेगावर चालवणारी तयार सेटिंग. डीडीआर४ साठी ठरलेला व्होल्टेज १.२. पाकिटावर ३२०० किंवा ३६०० छापलेली गेमिंग रॅम तो वेग गाठते ती बहुधा १.३५ व्होल्टवर, आणि तेही बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी चालू केल्यावरच. एएमडीच्या काही बोर्डांवर याला डीओसीपी म्हणतात. बंद असेल तर तीच रॅम २१३३, २४०० किंवा २६६६ वर शांतपणे चालते. त्यामुळे टास्क मॅनेजरमध्ये २६६६ दिसलं म्हणून विकणाऱ्यानं फसवलं असं समजू नये. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपला असला तरी बायोसची सेटिंग उडून वेग खाली येतो. हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेड प्रोग्रॅममध्ये १६०० दिसलं म्हणून भांडायला जाणारेही आहेत. तो घड्याळाचा खरा वेग असतो. डीडीआर एका ठोक्याला दोनदा माहिती पाठवते, म्हणून १६०० चे ३२०० होतात.

हे सगळं एकत्र पाहायला मिळालं ते माझ्या भाच्याच्या मशीनमध्ये. पुण्यातल्या एका विद्यार्थ्याकडून त्यानं रायझन प्रोसेसरचा असेंबल केलेला पीसी घेतला आणि ट्रॅव्हल्सच्या डिकीत घालून जुळे सोलापूरला आणला. ८-८ जीबीच्या चार स्टिक, एकूण ३२. विंडोज दाखवत होतं १६. वर दुपारी गेम खेळताना पीसी मधेच बंद. "मामा, दोन रॅम गेल्यात. नव्या मागवू का?"

मागवायच्या आधी एक-एक स्टिक वेगळी लावून पाहायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा यातला एकमेव कडक नियम. दोष स्टिकच्या मागोमाग फिरला तर स्टिक खराब. स्टिक बदलूनही तो त्याच स्लॉटवर राहिला तर स्टिक निर्दोष. भाच्याच्या चारही स्टिक चालत होत्या. चालत नव्हते ते प्रोसेसरजवळचे दोन शेजारी स्लॉट. दोन स्लॉट एकाच वेळी मरतील हा योगायोग जरा जास्तच झाला. चार स्लॉटच्या बोर्डावर पहिले दोन मिळून एक चॅनेल, म्हणजे प्रोसेसरपर्यंतची माहितीची एक वाट, असतो, उरलेले दोन मिळून दुसरा. म्हणजे गेला होता तो अख्खा चॅनेल.

आणि चॅनेलच्या तारा जातात थेट प्रोसेसरमध्ये. एएमडीनं २००३ साली अ‍ॅथलॉन ६४ पासून रॅमचा कंट्रोलर, म्हणजे तिच्याशी देवाणघेवाण सांभाळणारा भाग, प्रोसेसरच्या आत घेतला, इंटेलनं २००८ साली. तेव्हापासून रॅमच्या तक्रारीचं मूळ पुष्कळदा रॅमपासून वीतभर लांब, कूलरखाली सापडतं. भाच्याच्या रायझनसारख्या एएम४ सॉकेटच्या प्रोसेसरला खाली १,३३१ पिना असतात. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळल्यामुळे कूलर ओढताना प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. विकण्याआधी पुष्कळदा कुणीतरी पेस्ट बदललेली असते, म्हणून जुन्या मशीनमध्ये ही शक्यता जास्त. आम्ही कॉम्प्युटर थोडा वेळ चालवून पेस्ट कोमट केली, मग बंद करून, वायर काढून, कूलर न ओढता हळूहळू पिळत सोडवला. एका कोपऱ्यातली एक पिन कललेली होती. ती मोबाइल दुरुस्तीवाल्यानं मायक्रोस्कोपखाली सरळ केली. बत्तीस जीबी दिसायला लागले. हे काम घरी करू नये, इतकंच सांगतो.

पीसी बंद पडणं मात्र थांबलं नव्हतं. आता मेमटेस्ट, म्हणजे रॅमची तपासणी. मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर घालून कॉम्प्युटर त्यावरूनच सुरू करायचा. विंडोज मधे नसल्यामुळे जवळजवळ पूर्ण रॅम तपासता येते. तो वेगवेगळे नमुने लिहितो, परत वाचतो आणि फरक दाखवतो. एकही चूक माफ नाही, आणि रात्रभर तरी चालू द्यावा. चुका किती यापेक्षा कुठे आल्या हे बघा. चादर विणताना फणीची एखादी काडी वाकली की कापडात त्याच जागी उभी रेघ पडत जाते, आणि सूतच कच्चं असेल तर दोष कुठेही उमटतो. तसंच इथे. दर फेरीला तोच पत्ता, तोच बिट चुकत असेल तर ती स्टिक गेली. चुका विखुरलेल्या असतील तर वेग, व्होल्टेज, कंट्रोलर किंवा उष्णता यांच्याकडे बघायचं.

भाच्याच्या चुका विखुरलेल्या होत्या. स्टिकवरची लेबलं वाचली तेव्हा दोन एका मॉडेलच्या, दोन दुसऱ्या. चार स्टिकचा भार कंट्रोलरला जड जातो. रायझन ३००० मालिकेत दोन स्टिकसाठी एएमडी ३२०० पर्यंतची ग्वाही देते, चार सिंगल रँक (चिपांचा एकच संच असलेल्या) स्टिकसाठी फक्त २९३३, आणि चार ड्युअल रँकसाठी (दोन संच असलेल्या) २६६७. इथे त्या ३६०० वर पळवल्या जात होत्या. २९३३ वर आणल्यावर मेमटेस्ट स्वच्छ गेला, भर दुपारीही. गेममध्ये थोडे फ्रेम कमी झाले ते मलाच मीटरवर दिसले, त्याला नाही.

अशा विखुरलेल्या चुकांचं खापर काही जण अवकाशातून येणाऱ्या कणांवरही फोडतात. ते कण बिट उलटवतात, म्हणजे एकाचा शून्य किंवा शून्याचा एक करतात, हे खरं आहे. २००३ साली बेल्जियममधल्या शारबेकच्या निवडणुकीत एका उमेदवाराला ४,०९६ मतं जास्त मिळाली. हा आकडा म्हणजे नेमका दोनचा बारावा घात, म्हणून एकच बिट उलटला असावा असा निष्कर्ष निघाला. पण रोज दुपारी तीनच्या सुमाराला अवकाशकण येत नाहीत. वर उल्लेख केलेल्या अभ्यासातही बहुतेक चुका अशा क्षणिक नसून हार्डवेअरच्या कायमच्या दोषांच्या दिसल्या.

खोडरबरबद्दल. रॅमच्या पायांवर सोन्याचा मुलामा असतो आणि सोनं गंजत नाही. बसलेली असते ती धूळ आणि बोटांचा तेलकटपणा. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसावा, कारण मुलामा फार पातळ असतो आणि खोडरबरनं तो झिजतो. घासून बरी झाली असं वाटतं त्यात काढून पुन्हा नीट बसवण्याचाच वाटा मोठा असतो, विशेषतः पीसी अडीचशे किलोमीटर गाडीत हादरत आला असेल तेव्हा. स्क्रीनवर रंगीत ठिपके, चौकोन येत असतील तर संशय ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या मेमरीवर घ्या. ती मेमटेस्टमध्ये तपासलीच जात नाही. रॅम मोकळी असूनही गेम मेमरी संपल्याचं सांगत असेल, तर आधीच्या मालकानं पेजफाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर वापरतं ती फाइल) बंद केली आहे का ते पाहा.

आणि तपासणी संपेपर्यंत फॉरमॅट मारू नका. खराब रॅममधून गेलेली फाइल डिस्कवर चुकीची लिहिली जाते, काही न सांगता. नवं विंडोजही तसंच चुकीचं उतरेल आणि मग दोष रॅमचा की विंडोजचा हे शोधत बसावं लागेल. स्टिक खरंच गेली असेल तर वॉरंटी तपासा, अनेक कंपन्या रॅमला दीर्घ मुदतीची वॉरंटी देतात. त्यासाठी जुन्या मालकाकडून मूळ बिल आणि पाकीट व्यवहाराच्या वेळीच मागून घ्यावं. जोडीनं विकलेली रॅम असेल तर बऱ्याच कंपन्या दोन्ही स्टिक परत मागतात, तेवढे दिवस दुसरी रॅम लागेल.