बुरा उन्हानं जातो, विष नाही

परतीच्या पावसात भुईमूग भिजला की आमच्या तासगावकडं हे ठरलेलं वाक्य ऐकू येतं : "जरासा बुरा आलाय, दोन उन्हं द्या, काही होत नाही." ऐकून ऐकून कान किटले.

बुरशी म्हणजे काय ते कुणाला सांगायला नको. हिरवट-करडी पूड, कोंदट वास, पोत्याच्या तळाशी चिकटलेले दाणे. ती झटकली, वाळवली की दिसेनाशी होते आणि तिची वाढही थांबते. इथवर उन्हाचं म्हणणं खरंच आहे.

घोळ पुढं आहे. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी शेंगदाण्यावर, मक्यावर वाढताना एक विष तयार करते, अफ्लाटॉक्सिन. बुरशी मेली तरी ते दाण्यात राहतं. ते जिवंत नाही, मग उन्हानं मरणार कसं? उकळत्या पाण्याला ते दाद देत नाही. भाजल्यावर थोडं कमी होतं, पण संपत नाही. त्याला वास नाही, रंग नाही, चव नाही, म्हणून वरून स्वच्छ दिसणाऱ्या दाण्यातही ते असू शकतं. उलट, प्रत्येक बुरशी हे विष करतेच असंही नाही. (खवट दाणा हा तिसराच प्रकार. तिथं तेल बिघडलेलं असतं आणि ते जिभेला कळतं.)

1960 साली इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी मेले, तेव्हा शेंगदाण्याच्या पेंडीतलं हे विष सापडलं. 1974 मध्ये गुजरातेतल्या पंचमहाल आणि राजस्थानातल्या बांसवाडा भागात बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसं कावीळ होऊन दगावली.

पण एवढं विष एकदम पोटात जाणं विरळा. लहान मुलांच्या बाबतीत प्रश्न रोजच्या चिमूटभराचा असतो. 2002 साली पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन आणि टोगो या देशांमधल्या 480 मुलांची तपासणी प्रसिद्ध झाली. 99 टक्के मुलांच्या रक्तात या विषाची खूण होती, आणि ती जितकी जास्त तितकं मूल उंचीला आणि वजनाला कमी. एकट्या विषामुळंच मूल खुरटतं असं कुणी सिद्ध केलेलं नाही, हगवण आणि अपुरं खाणं ही कारणं आहेतच. तरी दीड वर्षाच्या पोराला ताप नाही, उलटी नाही, नुसतं वजन भरत नाही, तेव्हा शेंगदाण्याच्या डब्याकडं कुणाचं लक्ष जातं?

माझा खरा राग इथंच आहे. आमच्या आत्या सुपात दाणे घेऊन सुरेख निवडतात. टपोरे विकायला, बरे पाहुण्यांच्या लाडवांना. मागं उरलेले सुरकुतलेले, काळपट, फुटके? "ते कुटाला चालतात." बहुतेक विष याच मूठभर दाण्यांत साठलेलं असतं, आणि तेच कूट नातवाच्या मऊ भातावर पडतं!

शेंगदाणा टाकू नका, मुलांना त्याच्यासारखं स्वस्त आणि कसदार दुसरं काय आहे? शेंग हलवल्यावर खुळखुळ वाजेपर्यंत वाळवा, पोतं फरशीवर न ठेवता फळीवर ठेवा आणि निवडून काढलेलं खरंच काढून टाका.

आत्या म्हणाल्या, "मग म्हशीला घालते." म्हशीलाही नको. तिनं खाल्लेल्या या विषाचा एक अंश एम1 या रूपात दुधात उतरतो, आणि दूधही नातूच पितो. शेवटी परसात खड्डा काढला. आत्यांनी दाणे पुरले, पण मूठभर बाजूला ठेवलेच होते. तेही मागून घेतले.